केसपेपरची खिडकी

खिडकी क्रमांक एक. शिक्का, पॅड,
सुतळीनं बांधलेलं पेन.
नाव, वय, पत्ता, तक्रार.
चार रकाने भरले की माणूस आत जातो.

तातोबा कदम. वय? "लिवा सत्तर."
पत्ता तुर्भे स्टोअरच्या मागं, गल्ली संपते तिथं.
तक्रार?
"काय नाय."
काहीतरी लिहावं लागतं, आजोबा.
"मग लिवा, वजन करायचंय."

चाळीस वर्षं मसाला मार्केटात
मिरची वाहिली, धणे वाहिले, हळद.
पन्नास किलोचं पोतं त्याच्या पाठीला पाठ.
"माझं तेवढं कुनी केलं नाय कदी,"
म्हणाला, आणि खोकला,
मिरची अजून नाकात असल्यासारखा.

तो खोकला ऐकून सिस्टर भोईर
रजिस्टर उघडं टाकून उठल्या.
काट्यावर चव्वेचाळीस.
"पोत्याला बी कमी," तो हसला.
त्याही हसल्या
आणि हसता हसता बेडक्याची डबी त्याच्या हातात दिली.

आमच्याकडं मोठी मशिनं नाहीत.
लिफ्टला गणपतीपासून कुलूप आहे.
मोठ्या दुखण्याला आम्ही चिठ्ठी देतो, पुढं पाठवतो;
कुणी जातं,
कुणी रिक्षाचं भाडं ऐकून घरी जातं.
हेही मला खिडकीतून दिसतं.

पण गुरुवारी दुपारी भोईर सिस्टर
चपला हातात घेऊन खदानीची चढण चढतात.
घरोघरी गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजतात,
चुलीवर काय आहे ते झाकण उचलून बघतात,
शिव्या देतात, माहेरच्यासारख्या.
तातोबाच्या शेजारणीला, शबानाला, त्यांनी नेमलं:
रोज सकाळी गोळी गिळेपर्यंत उठायचं नाही.
शबाना गोळीसोबत उकडलेलं अंडं नेऊ लागली.
अंड्याचे पैसे कुणाचे,
मी विचारलं नाही. महिनाअखेरीला
सिस्टर माझ्याकडं वीस रुपये उसने मागतात.

सहा महिने गेले. सातव्यात
खिडकीत पुन्हा तोच हात, नखं अजून हळदीची.
एक्कावन्न, मी न विचारता म्हणाला.
गल्लीतल्या वाण्याच्या काट्यावर करून आला होता.

तक्रार?
"माजं ऱ्हाऊ द्या,"
असं म्हणून बाजूला सरला.
मागं एक पोरगा, विशीतला,
खांद्यावर पोत्याचा ताजा वळ,
तोंडावर रुमाल.
"ह्याचं लिवा. लाजतोय.
लिवा, वजन करायचंय."