असं कोणी म्हणत नाही

शमशाद मॅडम लाल शाई वापरत नाहीत.
पेन्सिलीने वाक्याखाली एक नागमोडी रेघ,
आणि समासात, बारीक अक्षरात:
बरोबर आहे, पण असं कोणी म्हणत नाही.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून मी
टॉवेलांच्या गिऱ्हाइकाला मेल लिहिते.
काल लिहिलं, वुई डिड अ मिस्टेक.
डिड नाही, मेड.
चूक काय बनवतात का, मॅडम?
आणि तू शपथ खातेस, ती कशाशी?
शेंगाचटणीशी?

वर्ग हसला.
पलीकडच्या शेडात माग चालूच होते,
टेबलावरचा खडू आपोआप कडेला सरकत होता.
चहा पॉवरफुल नसतो, स्ट्राँग असतो.
पाऊस स्ट्राँग नसतो, हेवी असतो.
का, ते विचारू नका.
ज्याचं ज्याच्याशी जमलं.

दाजी पेठेच्या वळणावर
सायकलची चेन पडली, आणि मला नायना आठवले,
सोळाव्या वर्षी करीमनगरकडून आलेले,
पहिल्याच पाळीला मुकादमाला म्हणाले होते,
भूक टाकते.
अख्खी शेड हसली होती म्हणे, माग थांबवून.

तेलुगूत सगळं टाकतंच.
भूक टाकते, थंडी टाकते, भीतीसुद्धा टाकते.
मराठीत प्रत्येकीचं बिऱ्हाड वेगळं:
भूक लागते,
भीती वाटते,
थंडी मात्र वाजते.
वाजते? नायना अजून मान तिरकी करतात.
चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात
त्यांना ती कधी ऐकू आली नाही.

त्यांच्या समासात कोणी लिहिलं नव्हतं
आधी ते दोन शब्द, बरोबर आहे.

रात्री गच्चीवर वारं सुटलं.
त्यांनी विचारलं, मग इंग्लिशमध्ये काय म्हणतात?
आय अ‍ॅम कोल्ड.
म्हणजे?
शब्दाला शब्द लावला तर,
मी थंड आहे.

ते उठूनच बसले.
अगं, ते मेल्यावर.
जिवंतपणी काय म्हणतात, ते सांग.

मी सांगत राहिले, हेच म्हणतात, सगळेच म्हणतात.
ते नाही नाही म्हणत
स्वतःशीच तेलुगूत काहीतरी पुटपुटले
आणि चादरीचं टोक
माझ्या पायांवर टाकलं.