वेढे

किसननगरच्या घरात, रात्री पावणेदोनला,
मी कागदावर एक धातू थंड करते.
खिडकीबाहेर एकतीस अंश, वहीत चार केल्विन.
एकमेकांना ढकलणारेच इलेक्ट्रॉन
लांब लांब राहून जोडीनं चालू लागतात
आणि वाट त्यांना अडवायचं विसरते.

मग मी त्यात लोखंडाचा एकच अणू सोडते.
त्याच्या आसपास, दोन-तीन नॅनोमीटर,
जोड्या मोडतात.
किती मोडतात, एवढंच लिहायचंय मला.
सहा महिने झाले, उत्तर ऋण येतंय.

आबा पाणी प्यायला उठतात.
वागळे इस्टेटमध्ये तेहेतीस वर्षं
ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल भरल्या त्यांनी;
पत्र्यावर तळवा ठेवून सांगायचे
लोड किती, कुठली फेज रुसलीय.

"तापतच नाही म्हणजे?
मग जिवंत आहे ते कळायचं कसं?"

याचं उत्तर माझ्या प्रबंधात नाही.

अणूचं सांगते. ते मात्र लगेच पटतं:
"कागदाखाली तांब्याचा एक कीस राहिला
तरी गुंजाळ अपरात्री सायकलवरून बोलवायला यायचा."
मग चष्म्याशिवायच वहीत डोकावत,
"वेढे चुकले तर आम्ही पहिल्यापासून नाही मोजायचो.
उलटं सोडवत यायचं."

मी शेवटच्या ओळीपासून मागे येते.
एकोणिसाव्या पानावर,
स्पिन उलटा करताना,
एक वजाचिन्ह
मी पुढे नेलंच नव्हतं.

आबा तोवर लॅपटॉपवर तळवा टेकून उभे.
"हा बघ, हा जिवंत आहे.
झोपव आता त्याला."