काचा

आधी वाटलं, म्हातारपणी यांना नवीन शौक लागला.
केटरिंगच्या हाय स्ट्रीटवर
दर शंभर पावलांनी हे थांबायचे
आणि दुकानाच्या काचेत बघत राहायचे.

चष्मेवाल्याकडे थांबले, ठीक.
किल्ल्या करून देणाऱ्याकडे, तेही ठीक.
पण बायकांच्या टोप्यांसमोर?
आणि पुढे अंत्यविधीवाल्यांच्या काचेसमोर,
जिथे एक फुलदाणी, आणि किंमत न लिहिलेला दगड?
"अहो, घ्यायचंय का काही?"
"बघतोय," म्हणाले.

कारखाना बंद पडेस्तोवर
दुसऱ्यांच्या बुटांना तळ शिवले ज्यांनी,
ते पोटरी धरून सांगणार तरी कसे
की आता चालवत नाही.

नर्स मॉरीननं घोट्याला पट्टा बांधला, थंड जेली लावली,
आणि यंत्रातून आवाज आला, सुपात पाखडल्यासारखा,
पण दमलेल्या हातांनी.
दंडात एकशे साठ. घोट्यात ब्याऐंशी.
"मिस्टर घारपुरे," ती म्हणाली,
"मधलं रक्त कुठे राहिलं?"

मी डॉक्टर ओयेलारनना म्हटलं,
किटलीत साचतो तसा गाळ ना? इथलं पाणी जड आहे.
त्यांनी पाकिटाच्या पाठीवर दोन रेघा ओढल्या.
"किटली विसरा. भिंत आठवा.
कागदाखाली ओल धरते ना, तसं."

मला पुढची खोली आठवली.
सत्त्याऐंशी साली ओलीच्या डागावर यांनीच
पिवळ्या गुलाबांचा कागद चिकटवला होता.
छान दिसायचा.
बोट लावलं तर आत मऊ लागायचं,
म्हणून कोणी बोट लावत नसे.

चरबी अशीच भिंतीच्या पोटात शिरते.
वर गुलाब.
मग एका सकाळी फुगवटा फाटतो,
रक्त धावत येतं, जखम समजून, बुजवायला,
आणि बुजवून टाकतं रस्ताच.
छातीत, नाहीतर मेंदूत, नाहीतर पायाच्या बोटाशी.

ओल आणली कोणी?
रात्रपाळीच्या फाटकाशी ओढलेल्या सिगारेटींनी.
आईकडून आलेल्या साखरेनं.
सासरे बावन्नाव्या वर्षी गेले,
घरात त्याला आम्ही "गॅस झाला होता" म्हणत आलो.
शुक्रवारचे चिप्स.
आणि वरणावरचं तूप.
"घ्या हो अजून थोडं,"
हा माझाच आवाज मला हल्ली रात्री ऐकू येतो.
डॉक्टर म्हणाले, असा हिशोब मांडू नका.
मग कसा मांडू, ते नाही सांगितलं.

त्यांनी यांच्या मानेवर नळी टेकवली, डोळे मिटले.
भिंतींना कान असतात, हे ठाऊक होतं.
कान लावला तर भिंत बोलते, हे नव्हतं.
"डोळ्यापुढे कधी अंधार?" त्यांनी विचारलं.
आणि हे, माझ्याकडे न बघता:
फेब्रुवारीत. डावा डोळा. पडदा पडल्यासारखा.
पाच मिनिटांनी वर गेला.
मला वाटलं, बल्ब गेला.

मला का नाही सांगितलंत?
"तू पोळ्या लाटत होतीस."

आता गोळ्या चार, सिगारेट नाही, मानेचं ऑपरेशन झालं,
कॉलरखाली बोटभर शिवण आहे.
पायासाठी औषध म्हणजे चालणंच:
दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला.
रोज रात्री टॉर्च घेऊन
मी यांच्या पायाची बोटं मोजते, रंग बघते.
दहा. अजून दहाच्या दहा.

चष्मे मागे पडले एप्रिलमध्ये, किल्ल्या मे महिन्यात.
टोप्यांना तर आता आम्ही ओळखही देत नाही.
काल न थांबता
थेट अंत्यविधीवाल्यांपर्यंत आलो.
हे पुढे निघाले.
थांबले ती मी.
पोटरी दुखत नव्हती माझी.
काचेत फुलदाणी, दगड,
आणि त्यावर आम्ही दोघं, जरा पुसट.

"चल," हे म्हणाले,
"इथे बघण्यासारखं काही नाही.
मी पाहिलंय सगळं."