छाट

गड्ड्याच्या जत्रेतून धूळभरल्या पायांनी घरी आले
आणि कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलं : यंदा चोवीस.
महिन्याला दोन. टॉवेल कारखान्याची बिलं करणाऱ्या बाईला
एवढा हिशोब जमायला हरकत नव्हती.

निळा गोल म्हणजे नळाला पाणी.
लाल फुली म्हणजे पुस्तक संपलं.
मार्चपर्यंत गोल आणि फुल्या
एकमेकांचा हात धरून चालल्या.
मग ऊन चढलं, पाणी चारावरून पाचव्या दिवसावर गेलं
आणि मी एका आठशे पानी कादंबरीत अडकले,
जिच्यात सगळे कुणाच्या तरी पत्राची वाट बघत होते.

पाणी येतं रात्री अडीचला.
गल्लीभर मोटारी घुमायला लागतात
आणि व्यंकुबाई चिलवेरी पायरीवर येऊन बसते,
पाईप पिंपात, चष्मा कपाळावर.
चाळीस वर्षं रोज हजार बिड्या वळलेली बाई
पुस्तकाचं पान तेंडूच्या पानासारखंच हाताळते :
बोट ओलं करून, आधी उजेडाकडे धरून,
शिरा कुठून कुठे जातात ते बघून.
घरात तेलुगू, गल्लीत मराठी.
वाचताना ओठ हलतात तिचे,
कुठल्या भाषेत ते मला अजून कळलेलं नाही.

कसं वाटलं, मी विचारते.
"नवरा लई बोलतो यातला.
दुसऱ्या धड्यातच गप करायचा होता."
बक्षीस मिळालेल्या कथांबद्दल :
"पान मोठं, तंबाखू कमी."
प्रवासवर्णन तीन पाण्यांत संपवून परत केलं :
"एवढा फिरला, कुठं जेवलाच नाही का हा?"
आणि अगदीच मनातून उतरलं, तर एकच शब्द.
छाट.
चेकर जुडी उलटीपालटी करून
बाजूला फेकायचा त्या बिड्यांचा शब्द.
तिची मजुरी नाही, आणि बिडी परतही नाही.

मी म्हणते, ठीक होतं. भाषा छान आहे.
"पोरगी कशी आहे विचारलं
तर केस लांब आहेत म्हणल्यागत झालं गं."

सप्टेंबरात मी चोरी केली.
चाळीस पानांची, मोठ्या टाइपाची पुस्तकं आणली,
एक तर पुतण्याचं, हत्ती आंघोळ करतो ते.
आठवड्यात पाच फुल्या.
विरजण मागायला आली तेव्हा तिने भिंतीकडे पाहिलं.
"मोजायलीस का वाचायलीस?"

मला राग आला.
म्हटलं, तुमची वर्षभरात चार,
त्यातलं एक तुम्ही तिसऱ्यांदा वाचताय,
ते एक धरायचं की तीन?

वाटी हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली.
"पयल्यांदा वाचलं तवा सासू वाईट वाटली.
दुसऱ्यांदा सून.
आता वाटायलंय, त्या घराला खिडकीच नव्हती.
तू सांग किती धरायचे."

डिसेंबरअखेर सतरा.
हत्ती वगळला तर सोळा.
तीनशे दहाव्या पानावर सोडलेली ती आठशे पानी
ऑगस्टपासून व्यंकुबाईकडे आहे.
काल रात्री पायरीवर तिच्या मांडीवर होती,
शेवटाला चौदा पानं उरलेली, मी मोजली,
सवय जात नाही.

विचारलं, पत्र आलं का हो?

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पाईप फुसफुसला.
मोटार कोरडी ओरडायला लागली.
ती उठली, बटण बंद केलं,
पाईपचं वेटोळं करून खिळ्याला अडकवलं.
"पाणी गेलं बघ.
पुढच्या पाण्याला सांगते."

नव्या कॅलेंडरचा आकडा लिहायचा राहिलाय.
पाचव्या तारखेवर पेन्सिलने एक गोल काढून ठेवलाय,
पाण्याचा भरवसा नाही म्हणून पेन्सिलने.