न पाडलेलं भोक

वर्णन असं सुरू होतं:
कवच घंटेसारखं, काचेचं.
डोकं, छाती, पोट असे तीन कप्पे.
माथ्यावर एक शिंग, जरा कललेलं.
लांबी एकशे अठरा मायक्रॉन.
म्हणजे किती, हे नान्नांना सांगायला
मी चादरीच्या काठाचा एक दोरा ओढला
आणि म्हटलं, ह्याच्या जाडीत दोन-तीन झोपतील, आडवे.
ते म्हणाले, चादर कशाला उसवलीस.

दगड अंदमानचा,
कुणीतरी कड्यावरून खरवडून पाठवलेला,
राखाडी, हलका, जिभेला चिकटणारा.
सोलापूरच्या खाली नुसता काळा पाषाण,
लाव्हावर लाव्हा,
त्यात कुणी कधी राहिलेलं नाही.
म्हणून समुद्र आमच्याकडे कुरिअरने येतो.

आम्लात तो फसफसला, चाळणीत बसला.
आता धुवायचा. विभागाची टाकी कोरडी,
एप्रिल, त्रेचाळीस अंश,
आणि साखर पेठेत नळ पाचव्या दिवशी.
घरून दोन कॅन भरून निघाले
तर अम्मा दारात:
समुद्राला पाणी पाजायला निघालीस?

मग मोजणी.
लेखात रंध्रं म्हणायचं, बोलताना भोकं,
आमच्या घरात चिल्लू.
पोटावर आडव्या नऊ ओळी,
एका बाजूने दिसतात सहा, कधी सात.
मी मोजत होते आणि आकडा सुटत होता
आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून.

नान्नांनी एकतीस वर्षं जॅकार्डची कार्डं पाडली.
भोक असलं की दोरा उठतो,
नसलं की बसून राहतो,
एवढ्यावरच मोर, वेल, ताजमहाल.
गिरणीचा भोंगा थांबला तरी
त्यांचा अंगठा अजून चपटाच आहे.
रात्री पाणी प्यायला उठले,
लॅपटॉपवरचा फोटो पाहिला,
चष्मा आणायला परत गेले.
इथं पंच सुटलाय, म्हणाले,
आणि पडद्यावर बोट ठेवलं, पाचवी ओळ,
शिंगाच्या सरळ खाली.

तुटलं असेल, नान्ना. दीड कोटी वर्षं झाली.

तुटलं तर कड खरखरीत दिसते.
बुजलं तर डाग.
हे पाडलेलंच नाही.

पहाटे साडेतीनपर्यंत
सातही स्लाइड काढल्या.
पाचवी ओळ. पाचवी ओळ. पाचवी ओळ.
जिथे भोक हवं तिथे गुळगुळीत काच.
ते तिथेच भिंतीला टेकून झोपले होते.
हलवून सांगितलं.
डोळे न उघडता म्हणाले,
चूक एकदा होते. सातदा झाली की नक्षी.

चिटगुपकर सरांनी विचारलं, सातच?
आणखी दोन किलो दगड विरघळवला.
आठवा सापडला,
त्याला मात्र भोक होतं, स्वच्छ, गोल.
तेही लिहिलं: 'क्वचित उघडं'.
नान्नांना दाखवलं तर बराच वेळ गप्प,
मग म्हणाले, कारागीर नवा असेल.

नाव द्यायचं तर त्यांचं दिलं.
राजेशम, त्याला लॅटिनची वेलांटी:
राजेशमी.
त्यांनी दोनदा उच्चारून पाहिलं.
रेशमी कसलं, म्हणाले,
आपलं तर सगळं सुती.

पहिला नमुना, ज्याच्यावरून जाती ठरते,
तो संग्रहालयात द्यावा लागतो, दूरच्या शहरात.
स्लाइडची पेटी त्याच चादरीच्या
उसवलेल्या काठात गुंडाळली.
पोस्टाच्या खिडकीत बाई म्हणाल्या, आत काय?
काच.
फुटेल?
अजून तरी फुटलेली नाही.
विम्यासाठी किंमत सांगा.
मागे रांग होती, पंखा बंद होता,
मी पेन हातात धरून उभी राहिले,
आणि नान्ना मागून म्हणाले,
चादरीची लाव.