पालथा

पहाटे तीनला आम्ही पाचजण.
डोक्याशी डॉक्टर कोठावदे, नळी मुठीत,
बाकीचे चादरीच्या कडांना.
एक, दोन, आणि सातपूरच्या लेथवरचा
ब्याण्णव किलोचा दौलत गांगुर्डे
उताण्याचा पालथा.

छातीखाली उशी, कमरेखाली उशी,
पोट मोकळं. गाल डावीकडे,
दोन तासांनी उजवीकडे,
नाहीतर कान चुरगळतो.

ऑक्सिजन एक्क्याऐंशी.
पाठीकडची फुप्फुसं
इतके दिवस त्याच्याच ओझ्याखाली.
पंच्याऐंशी.
कुणी बोलत नाही.

बाहेर नाशिक सहा अंशांवर.
बाकावर त्याची आई. कसा आहे?
पालथं झोपवलंय, मी म्हणते.
"चौथ्या महिन्यात पडला होता पालथा,
आपला आपण.
गल्लीभर साखर वाटलेली."

मी घड्याळ बघते.
गाल फिरवायची वेळ झाली.