नॉर्मल म्हणून माझं रक्त

शिकूटिमी, फेब्रुवारी, सकाळचे सात.
नदी गोठलेली, मासेमारांच्या खोपट्यांतून धूर.
ओदिल मालते, वय अकरा, वजन एकतीस किलो,
काल दुपारपासून उपाशी,
तरी नळीत उतरतं ते रक्त
स्ट्रॉबेरी घातलेल्या दुधाच्या रंगाचं.
रात्रभर उभं ठेवलं तर वर साय धरेल.
"माझ्या आत गाय आहे," ती नर्सला सांगते.
बाप खिडकीकडे बघतो.
त्याची तळ्याकाठी चीजची डेअरी आहे.
मुलीच्या पोटात चमचाभर लोणी जास्त गेलं
तर रात्री कळा येतात, अॅम्ब्युलन्स येते.

एकतीस गुणिले साठ:
हेपरिन, एक हजार आठशे साठ युनिट, शिरेतून.
मग दहा मिनिटं थांबायचं.

ही दहा मिनिटं रिकामी जाऊ नयेत म्हणून मी सांगते:
बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आतून
चिकटून बसलेलं असतं लायपेज.
चरबीचे थेंब वाहत आले की फोडतं,
जागच्या जागी वाटून टाकतं.
तू जेवलीस की इन्सुलिनची हाक जाते,
चरबीच्या पेशींपाशी त्याची भरती होते.
उपास घडला की तिथली पाळी उठते,
स्नायूंकडची वाढते.
हृदयापाशी मात्र पहारा कायम,
ताटात काही असो नसो.
हेपरिन त्याची पकड सोडवतं.
सगळं लायपेज प्रवाहात येतं आणि आम्ही मोजतो.

"माझं येईल?"
मी घड्याळ बघते. साडेसहा मिनिटं.

खाली तळघरात नळ्या बर्फात खोचलेल्या,
सेंट्रिफ्यूज चार अंशांवर घुमतोय.
बाभळीच्या डिंकात घोटलेली चरबी,
तिला किरणोत्सारी खूण,
किती फुटली ते काउंटर टकटक करून सांगणार.
पण यकृताचंही एक लायपेज असतं,
तेही चरबी फोडतं, हिशेबात लुडबुडतं.
म्हणून दुसऱ्या नळीत मीठ. भरपूर मीठ.
मिठाने आपलं लायपेज गप्प होतं,
यकृताचं बडबडतच राहतं.
एकूणातून ते वजा करायचं.
गप्प बसलेल्याचा आकडा असा मिळतो,
दुसऱ्याच्या बोलण्यातून.
सतरा वर्षं ही वजाबाकी करते आहे,
तरी दर वेळी वाटतं, कुणाच्या तरी दाराला कान लावलाय.

प्रत्येक फेरीला एक रांग नॉर्मल माणसाची लागते.
एरवी विल्नेर हात पुढे करतो.
गेल्या शरदापासून तो पोर्त-ओ-प्रँसला, आईपाशी.
तेव्हापासून माझाच दंड, माझीच शीर,
आणि नळीवर माझ्याच अक्षरात: नॉर्मल.

ओदिलचा आकडा शून्याला टेकलेला.
तो अपेक्षित होता.
डॉक्टर माझा कागद घेऊन आले.
या वेळी त्यांनी दुसरीकडून एक नमुना मागवला होता,
क्वेबेकहून, कुणा अनोळखी रक्तदात्याचा, तुलनेला.
माझा आकडा त्याच्या निम्मा.
मी डिंक बदलला, नवीन मीठ तोललं, पुन्हा केलं.
निम्मा.
तिसऱ्यांदाही.

"योलांद, आजी कुठली तुमची?"
आजीचं माहेरचं आडनाव मालते.
हे मला कायम ठाऊक होतं.
पण या खोऱ्यात आडनावं बर्फासारखी,
सगळ्यांच्याच दारात साचलेली,
कोण मोजत बसतं?

त्या दुपारी जुनी वही काढली.
शरदापासून चार मुलं
माझ्याशी ताडून पाहिलेली.
"सौम्य," असं लिहिलंय एकापुढे,
माझ्या निम्म्याला पूर्ण धरून.
लाल पेनने रेघ मारली.
मग फोन करायला घेतले.

वॉर्डात ओदिल पलंगावर मांडी घालून,
हातात सफरचंद.
डॉक्टरांनी तिला सांगितलंच होतं, तिचं आणि माझंही,
मीच म्हटलं होतं सांगा.
"तुमचं निम्मं?"
"निम्मं."
"निम्म्यावर भागतं?"
"एकेचाळीस वर्षं कळलंही नाही."
तिने जरा विचार केला.
"आज सकाळी काय खाल्लंत?"
"टोस्ट."
"लोणी?"
खोटं बोलावंसं वाटलं. "हो."
तिने सफरचंद उशीवर ठेवलं,
जवळ सरकली.
"कसं लागतं ते सांगा.
घाई नको. पहिल्यापासून."